अनोळखी बाईचा हात

दुकानदार विचारत होता की वाइन कशाबरोबर प्यायची आहे, माशांबरोबर की कोकराबरोबर, आणि मी त्याला सांगणार होते की बहिणीबरोबर, तेवढ्यात माझा फोन वाजला. फोन पिशवीच्या तळाशी. वर टॉवेल, टॉवेलखाली नवं पांढरं फडकं, फडक्याखाली उकडलेल्या गव्हाचा डबा, आणि डब्याखाली तो फोन, जो मला मेरोपीनंच घेऊन दिला आणि जो नको असताना हटकून सापडतो. मी एकेक वस्तू काढून फळीवर मांडली. दुकानदारानं फडक्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता ती महागडी बाटली मागे सरकवून साधी तांबडी पुढे केली. जाणत्या घरचा असावा.

"आत्या, कुठे आहेस?"

"दुकानात. वाइन घेतेय."

"घे, पण लावू नकोस. मी येईपर्यंत मोठ्या आत्याला वाइन लावायची नाही. पाणीसुद्धा नाही. हातही लावू नकोस शक्यतो. मला तिचा एक दात हवाय."

मेरोपी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. जुन्या हाडांतून डीएनए काढायचा आणि कुठली माणसं कुठून कुठे गेली ते सांगायचं, हे तिचं काम. आता भाऊ नाही, त्याची बायको नाही, आणि तीन वर्षांपूर्वी अंथूलाही गेली, माझी मोठी बहीण. आज तिला वर काढायचं होतं. आमच्याकडे थडगं भाड्यानंच मिळतं. मुदत संपली की हाडं काढायची, वाइननं धुवायची, वाळवायची आणि पेटीत घालून आधीच्यांच्या शेजारी ठेवायची. अंथूलाची जागा आईच्या पेटीत, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कधी कुणी बोललंही नव्हतं. सकाळपासून मी मनाशी एवढंच घोळवत होते, की फडकं पुरेल ना, मेलेल्याच्या नावानं वाटायच्या गव्हात डाळिंबाचे दाणे घालायचे राहिले ते चालेल ना. आणि आता ही दात मागत होती.

"दात कशाला? तिच्या दातांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"आत्या, थट्टा नको गं. टेकाडावरची बाई आठवते ना?"

आठवते ना म्हणे! जिला मी मातीतून अर्धी माझ्या नखांनी मोकळी केली, धुतली, सांधली, जिच्यावर लाखेचा हात दिला, आणि संग्रहालयातून निवृत्त होईपर्यंत जिच्या हाडांच्या ट्रेची किल्ली माझ्या कमरेला होती, ती मला आठवते का, असं ही कालची पोर विचारते. मेरोपीला बोलायची घाई होती. त्या बाईच्या दातात तिची स्वतःची डीएनएची खूण अगदी थोडी उरली आहे, ती म्हणाली, जुनी, तुटक, कडा झिजलेली. तिच्यावर आपल्या काळातल्या माणसांचे थर बसलेत. एक थर माझा. "तुझा तर सगळीकडेच आहे आत्या, तुम्हा लोकांना हातमोजे माहीतच नव्हते." मागे तिनं माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नेली होती, त्यावरून माझा थर ओळखून वजा केला. पण अजून एक उरतोय. बाईचाच आहे. "तुझा नाही. म्हणजे मोठ्या आत्याचाही असू शकत नाही, कारण मी बघते ती खूण आईकडून मुलांना जशीच्या तशी येते, तुम्हा दोघींची एकच असणार. पण आमच्या साहेबांना सांगून उपयोग नाही. ते म्हणतात, ज्या ज्या बाईनं हात लावला असेल तिचं काही तरी तपासा, तिचं नाव खोडा, मग बोला. नाही तर टेकाडावरच्या बाईला अभ्यासातून काढून टाकतील. हजारो वर्षांपूर्वी आशियातून समुद्र ओलांडून बी-बियाणं घेऊन जे पहिले लोक इकडे आले ना, त्यांतली आहे ती, आत्या! आणि कुठल्या तरी अनोळखी बाईच्या हातापायी ती जाणार. कोण असेल गं? गावातली कुणी? प्राध्यापकांची बायको?"

"मला काय माहीत," मी म्हटलं, आणि फोन पिशवीत टाकून त्यावर डबा ठेवला.

मला माहीत होतं. हाडांमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला एवढं गणित समजावून द्यावं लागत नाही. त्या बाईला माझ्याखेरीज एकाच बाईचा हात लागला होता, अंथूलाचा. खूण माझ्या खुणेशी जुळत नाही. म्हणजे अंथूला माझ्या आईच्या पोटची नाही. बस्स. जी गोष्ट आमच्या आळीतल्या बायका जन्मभर रुमालाआड कुजबुजत आल्या आणि जी आमच्या घरात कुणी कधी उंबऱ्याच्या आत घेतली नाही, ती मला वाइनच्या दुकानात, सुटे पैसे हातात धरून उभी असताना कळावी, आणि सांगणारीला आपण काय सांगितलं हे कळूही नये. मला रडू यायला हवं होतं. मला भयंकर राग आला. मेरोपीचा आला, तिच्या त्या साहेबांचा आला, दुकानदार बाटली कागदात गुंडाळायला इतका वेळ लावत होता त्याचाही आला. पण सगळ्यांत जास्त राग आला तो त्या एका शब्दाचा. अनोळखी.

मेट्रोच्या खोदकामानं आमचा बसथांबा पुन्हा हलवला होता. या शहरात जमिनीत कुदळ घातली की कुणी तरी जुना माणूस निघतो आणि मग सगळ्या बसगाड्या वळसा घालतात. उन्हात उभी राहून मी बाटली छातीशी धरली आणि मला आई दिसायला लागली, मी तिला बोलावलं नव्हतं तरी. माणसांच्या अदलाबदलीच्या वर्षी ती समुद्रापलीकडून, तुर्कांच्या अनातोलियातून आली. दोन राजधान्यांत कुणी तरी सह्या केल्या आणि तिकडचे ख्रिस्ती इकडे, इकडचे मुसलमान तिकडे. अठराची होती, नवरा तिकडेच सक्तमजुरीच्या पलटणीत मेलेला, कडेवर तान्ही मुलगी. बोटीतून उतरल्यावर कालामारियाच्या किनाऱ्यावर सगळ्यांना काटेरी तारांच्या आत घेतलं, डोकी भादरली, कपडे वाफेत उकळले. तापाची साथ होती. पोरं तर चिमण्यांसारखी मरत होती, असं इतर बायका सांगत. आई त्यातलं काहीच सांगत नसे. पुढे शहराबाहेर टेकाडाच्या पायथ्याशी त्यांना घरं मिळाली, तिनं दुसरं लग्न केलं, खूप वर्षांनी मी झाले आणि मग भाऊ. आम्ही दोघं बुटकी, काळीसावळी, आईसारखी भुवया जुळलेली. अंथूला ताडमाड, डोळे राखी, कातडी अशी की उन्हात नुसती लाल व्हायची. शाळेत मला कुणी तरी विचारलं, तुझी बहीण तारांतून उचललेली ना? मी घरी येऊन आईला विचारलं. ती पास्तुर्मा करत होती, मेथी लावून वाळवायचं मांस, हाताला कोपरापर्यंत मेथीचा लगदा. तिनं मान वर केली नाही. "आत गेले तेव्हा कडेवर एक होतं," ती म्हणाली, "बाहेर आले तेव्हाही कडेवर एक होतं. हिशेब बरोबर आहे." आणि मांसाला मेथी थापत राहिली. तो वास मला आजही चालत नाही. त्या उत्तराला पुढे प्रश्न नव्हता, आणि मी तर काय, मला अंथूलाच लागायची. आई तंबाखूच्या गोदामात जायची. मला न्हाऊ घालणारी, माझ्या वेण्या डोळे ताणले जाईपर्यंत घट्ट घालणारी, मी ताटात उरवलेलं खाणारी, मला मारणारी, सगळी अंथूलाच. मूळच्या गावकऱ्यांच्या बायका आम्हाला खरे ख्रिस्ती मानत नसत, पाणवठ्यावर म्हणत, "आले बघा, दह्यात बाप्तिस्मा झालेले. तुर्की बियाणं!" तेव्हा आई खाली मान घालून घागर भरायची. अंथूला थांबायची. "बियाणं आहे म्हणून उगवतंय तरी," ती मोठ्यानं म्हणायची. "तुमच्याकडे नुसतं तणच दिसतंय."

बस आली. एका तरुणानं मला जागा दिली आणि लगेच माझ्या कानाशी फोनवर कुणाशी तरी भांडायला लागला. टेकाडाचं असं झालं, की विटांसाठी माती काढताना खाली गाडलेली फार जुनी घरं लागली, मग प्राध्यापक आले, तंबू आले, आणि हात थरथरत नाही म्हणून गावातल्या पोरींमधून त्यांनी मला उचललं. ती बाई कुशीवर होती, गुडघे पोटाशी, दोन्ही तळवे गालाखाली. घाबरलेलं पोर झोपतं तशी. ती निघाल्याची बातमी गावात गेली आणि संध्याकाळी खड्ड्याच्या काठावर बायका जमल्या, काळे रुमाल, हातात मेणबत्त्या, आणि सगळ्यांच्या पुढे अंथूला, काखेत बाटली. आमच्याकडे मातीतून वर काढलेल्या माणसाला तसंच कोरडं नेत नाहीत. त्याला वाइननं धुतल्याशिवाय हलवणं म्हणजे नागवं रस्त्यावर उभं करणं. बायका काठावर थांबल्या, धुणारी एकटीच खाली उतरते, ही रीत. प्राध्यापक धावत आले, शर्टाच्या बाह्या वर, तोंडाला फेस. "बाई, वर ये! शास्त्र आहे हे, स्मशान नाही!" अंथूलानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तळव्यावर वाइन घेतली आणि त्या बाईच्या कपाळावरून, गालांच्या हाडावरून, दातांवरून बोटं फिरवायला लागली, मला न्हाऊ घालायची तशीच, रगडून. "अगं, पण तू कोण लागतेस तिची?" प्राध्यापक ओरडले. "धुते ती घरची लागते," अंथूला म्हणाली. "हिचं दुसरं कुणी आलंय का? बघा जरा मागे. नाही ना? मग मीच." प्राध्यापक माझ्याकडे वळले, जणू मी त्यांच्या बाजूची. मी ब्रश खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ती वाळल्यावर मी दातांवर लाख चढवली, पातळ, दोन हात, तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे. अंथूलाची बोटं मीच त्या दातांत बंद केली म्हणायची. आणि आता मेरोपी मला काचेपलीकडून आपली खोली दाखवते, स्वतः डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, नुसते डोळे दिसतात, आणि म्हणते, "आत्या, तुम्ही सगळं धुतलंत गं. का धुतलंत?" हाडं स्वच्छ ठेवली म्हणून मला एकदा संग्रहालयानं मानपत्र दिलं होतं. आता स्वच्छता हाच गुन्हा. जगायचं तरी कसं माणसानं? जे करून जन्म काढला ते चूक ठरायच्या आत मरावं, हेच बरं.

खिडकीतून समुद्राचा तुकडा दिसला आणि गेला. मेरोपीचे ते पहिले लोक, बी-बियाणं घेऊन आलेले, तेही याच समुद्रावरून आले असणार, आईच्याच वाटेनं. मेरोपी सांगते तेव्हा नकाशावर जाड बाण असतो, आशियातून युरोपात, इकडून तिकडे सरळ. बाणाच्या आत काय चाललेलं असतं ते तिला कुठे दिसतंय? कुठल्या तरी किनाऱ्यावर ताप, कुणाचं तरी तान्हं थंड पडलेलं, शेजारी कुणाची तरी आई थंड पडलेली आणि तिच्या अंगावर पोर रडतंय. एक बाई वाकून उचलते. टेकाडावरची बाई तरी कुणाची होती कुणास ठाऊक. आणि लगेच मला चीड आली, की मी हे सगळं मान्य करूनच विचार करतेय. आळीतल्या बायका बरोबर होत्या, हे मान्य करून. मग आई त्या तारांच्या आत काय पुरून आली? ते दुसरं, पहिलं, खरं तान्हं, ज्याचं नाव अंथूला होतं, त्याची हाडं कुणी धुतली? आईनं एका पोरीचं नाव दुसरीला दिलं आणि पन्नास वर्षं ते नाव रोज हाक मारून वापरलं. बरं, अंथूलाला माहीत होतं का? शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, तुमच्या आईला साखरेचा आजार होता का, तर ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिच्या आईला होता." मी डाफरले, असं काय बोलतेस, डोकं ठिकाणावर आहे का! डॉक्टर हसले. अंथूला हसली नाही. उशीखालचा रुमाल काढून तिनं तोंड पुसलं आणि भिंतीकडे कुशी केली, तळवे गालाखाली. मी बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, वयानं विसरते हो ती.

कबरस्तानात सेवास्ती वाट पाहत होती. तिथलं धुण्याचं काम ती करते, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, ओठात विझलेली सिगारेट. खणणाऱ्यानं माती काढून झाली होती.

"आजी, छान निघाल्यात तुमच्या ताई," ती म्हणाली. "पिवळ्याधमक. मधासारख्या. भलं माणूस असणार."

"भलं कसलं, तोंडाळ होती."

"तोंडाळच भली असतात. द्या ती बाटली, तुम्ही सावलीत बसा. माझं रोजचंच आहे."

"रोजचंच आहे म्हणून नको. मी धुणार."

तिनं खांदे उडवले आणि पांढरं फडकं अंथरून दिलं. हाडं एकेक करून वर आली. मी हजारो हाडं हातात घेतली आहेत. ही मांडी, हा दंड, हे पाऊल, माझे हात आपोआप त्यांना जागेवर लावत होते. मग सेवास्तीनं कवटी माझ्या ओंजळीत ठेवली. ती हलकी होती. मी बाटलीचं बूच काढलं. मेरोपीचा पत्ता नव्हता. बस वळसा घालत असणार. माझ्या मनात स्वच्छ आलं, की आता ओतावी. भरपूर ओतावी, रगडून धुवावी, दातांतून फडकं फिरवावं, आणि मेरोपी आली की म्हणावं, विसरले गं, वय झालं. अंथूला आईच्या पेटीत जाईल, माझी बहीण म्हणून, कुणी काही विचारणार नाही. जाईल ती टेकाडावरची. तिचा एक दात कुणाच्या नकाशात नसला तर काय बिघडतं, ती इतकी वर्षं नव्हतीच. मी बाटली वाकडी केलीसुद्धा. आणि तो शब्द पुन्हा कानात वाजला. त्या दातात अंथूलाची बोटं आहेत. मी ही हाडं धुतली तर ती बोटं तिथेच राहतील, त्या थंड खोलीत, आणि मेरोपीचे साहेब त्यांना कायम म्हणत राहतील, अनोळखी बाई. अंथूलाला! जिला उभी आळी ओळखायची, जिच्या हाकेनं कोंबड्या घरी यायच्या! तिला माझी बहीण ठेवायचं तर तिचा हात अनोळखी करावा लागतो. तिचा हात तिला द्यायचा तर आईचं रक्त काढून घ्यावं लागतं. असला सौदा माणसापुढे कोण मांडतं? मी बाटली सरळ केली. थोडी सांडली, माझ्या बाहीत शिरली, कोपरापर्यंत गार ओघळ.

"आत्या! थांब, थांब, लावलीस?"

मेरोपी धावत आली, केस विस्कटलेले, तोंडाला कापडी पट्टी, हातात निळे मोजे. सेवास्तीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ही दाताची डॉक्टर का हो? जरा उशीरच झाला म्हणायचा."

"नाही लावली," मी म्हटलं. "पुढचे घेऊ नकोस, ते खोटे आहेत. ही मागची दाढ घे. ही तिची स्वतःची."

मेरोपीनं चिमट्यानं दाढ काढली, पिशवीत टाकली, पिशवी दुसऱ्या पिशवीत टाकली. तिचे डोळे हसत होते. "सुटले गं. आता फक्त तिचं नाव खोडलं की झालं."

"खोडू नकोस."

"म्हणजे?"

"तो हात तिचाच आहे. तिच्याशिवाय त्या बाईला दुसरी कुणी शिवली नाही. मी खड्ड्यातच होते."

मेरोपी हुशार आहे. मी तिच्या कपाळाकडे पाहत राहिले. तिथे आधी नुसता कामाचा आनंद होता, मग एक आठी आली, मग आठी गेली आणि चेहरा एकदम लहान झाला, सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हाचा. अंथूलानं तिच्याही वेण्या घट्ट घातल्या होत्या.

"पण आत्या, मग ती... मग मोठी आत्या आपली..."

"मोठी आत्या. तोंडावरची ती पट्टी काढ आधी, गुदमरशील. आणि ते मोजे काढ."

"मोजे कशाला?"

"धुवायचं आहे. मला वाकवत नाही. मी ओतते, तू धू."

"आत्या, उघड्या हातानं धुतलं तर माझी खूण लागेल तिला. कायमची."

"मग? नको लागायला?"

सेवास्ती म्हणाली, "पोरी, ऊन चढतंय." मग मेरोपीनं बोट बोट करून मोजे सोलून काढले, खिशात कोंबले आणि फडक्याशी गुडघे टेकले. मी ओतत गेले. तिला येत नव्हतं. जन्मभर हाडं हाताळून पोरीला हाड कसं धुतात ते येत नव्हतं; नुसती बोटं टेकवत होती, फुटेल म्हणून. "रगड," मी म्हटलं. "ती रगडायची." तिनं कपाळावरून तळवा फिरवला, गालाच्या हाडावरून, राखी डोळ्यांच्या खोबणीतून, आणि मग जोरात, नाक ओढत, कोपरापर्यंत लाल होत. आईची पेटी सेवास्तीनं झाकण काढून आणून ठेवलीच होती. आम्ही अंथूलाला उन्हात वाळत मांडली. बाटलीत तळाला थोडी उरली होती. सेवास्तीनं विचारलं, हिचं काय करू, तर मी ती घेतली आणि तोंडाला लावली. अगदीच साधी होती. पण बहिणीबरोबर चालते.

काही हजार वर्षांनी कुणी तरी इथे कुदळ घालील, बसगाड्या वळसा घालतील, ही पेटी निघेल. पांढऱ्या कपड्यातली कुणी तरी पोर तीत डोकावेल. एक बुटकी बाई, एक ताडमाड, दोघींच्या खुणा जुळत नाहीत. आणि दुसरीच्या हाडांवर तिसऱ्याच एका बाईचा हात, तोही कुणाशी जुळत नाही. ती वैतागेल, डोकं धरून बसेल, तिचे साहेब तिच्यावर खेकसतील. वैतागू दे. आम्ही काय कमी वैतागलो?